रिकाम्या खोल्यांतली ट्रॉली

४ जानेवारी

दादा, नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं. कामात होतो असं लिहिणार होतो, पण आता कामाबद्दलच लिहायचं आहे.

मला एक ट्रॉली हवी आहे. वर कॅमेरा ठेवून ढकलायची. सिनेमावाल्यांची तू बघितली असशील. तिला रूळ लागतात आणि चार माणसं लागतात. मला तेवढी नको. एकट्याला जिन्यावरून वर नेता यावी, खोलीत मांडता यावी, काम झालं की काखेत मारून खाली आणता यावी. बाजारात तयार मिळतात. एकीची किंमत विचारली आणि दुकानदाराला 'जाऊन येतो' म्हणालो. तो हसला. मी येणार नाही हे त्यालाही कळलं.

मालक घरं विकतो आणि मी त्या घरांचे व्हिडिओ काढतो, हे तुला माहीत आहे. सगळी रिकामी घरं. दारातून आत शिरायचं, बैठकीच्या खोलीतून सरळ खिडकीपर्यंत जायचं, मग स्वयंपाकघर, मग आतल्या खोल्या. आजवर कॅमेरा हातातच धरला. गुडघे जरा वाकवायचे, पाऊल टाचेकडून टेकवायचं, श्वास धरायचा. तळहातावर भरलेला पेला ठेवून चालावं तसं. आमच्याकडे सगळ्या घरांच्या किल्ल्या सांभाळणारी एक बाई आहे, तिला आम्ही किल्लीबाईच म्हणतो. ती मला मांजर म्हणते.

आता मालकाला ट्रॉलीचं वेड लागलं आहे. लांबच्या एका गिऱ्हाइकाने व्हिडिओ बघून त्याला विचारलं, घर हलताना दिसतंय, इमारतीचा पाया ठीक आहे ना? मालकाने हे मला हसत सांगितलं. पण दोनदा सांगितलं.

नवी इमारत उभी राहते आहे, वीस मजल्यांची. तिथल्या घरांचं काम कोणाला द्यायचं ते तो मार्चअखेर नमुना बघून ठरवणार आहे. मला मिळालं तर पुढची दोन वर्षं चिंता नाही. नाही मिळालं तर या वयात मला दारात उभं करणारा दुसरा मालक मला ठाऊक नाही.

फॅशन आहे, दुसरं काही नाही. मी एक फळी घेऊन तिला प्रवासी बॅगेची चाकं लावून पाहिली. फरशीवरून जाताना ती अशी कण्हते की शेजारचे दार उघडून बघतात. तू जन्मभर गिरणीत मागाच्या खात्यात यंत्रं चालती ठेवलीस. काही सुचव.

तू फोन घेतलास तर हे सगळं दाखवता येईल. हे मी दर पत्रात लिहितो.

तुझा,
बारक्या


११ जानेवारी

बारक्या,

फोन घेतला तर तो वाजतोय हे मला कोण सांगणार? मागांनी कान नेले. डोळे ठेवले आहेत, तोवर पत्रच बरं.

ज्या चाकांवर बॅग रडते त्यांच्यावर कॅमेरा हसणार नाही. ती आधी काढून टाक. फरशीवर चाकं चालवूच नकोस. फरशी दिसते सपाट, असते खाचांची. तिला रूळ घाल. पाण्याचे प्लॅस्टिकचे पाइप मिळतात, त्यातले जाड बघून दोन घे. तेच रूळ.

पोरं पायाला बांधून पळतात त्या स्केटची चाकं जुन्या बाजारात शोध. त्यांच्यात बेअरिंग असतं. बोटाने फिरवून बघ. फिरताना खरखर लागली तर ठेवून दे, बराच वेळ गुपचूप फिरत राहिलं तर घे. फळीच्या प्रत्येक कोपऱ्याला लोखंडी अँगलचा तुकडा लाव, उलट्या होडीसारखा, आणि त्याच्या दोन्ही उतारांवर एकेक चाक. म्हणजे चाकांची जोडी पाइपाला दोन्ही बाजूंनी मिठी मारते आणि गाडी रुळावरून उतरत नाही. फळी जाड घे. पातळ फळी कॅमेऱ्याच्या वजनाने मध्ये बसते आणि मग चारही कोपरे आपापसांत भांडतात.

पाइप जिन्यावरून न्यायचे तर कापावे लागतील. कापल्यावर जोडताना आत लाकडी खुंटी ठोक, बाहेरून काही लावू नकोस. दोन्ही पाइपांचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नकोस. एक चाक सांध्यावर असेल तेव्हा बाकीच्यांनी त्याला सांभाळून घ्यायचं, असं गणित आहे.

मी बरा आहे. दुकानांची शटरं दुरुस्त करतो. शटर उघडताना केवढा आवाज करतं हे लोक मला सांगतात, आणि मी मान हलवतो. भावजयीला विचारल्याचं सांग.

दादा


२९ जानेवारी

दादा,

हे पत्र संगणकावर टाइप केलं आहे. एडिटिंगला बसलोच होतो, म्हटलं इथेच लिहून टाकावं.

ट्रॉली झाली. तू लिहिलंस तशीच. अँगल एका वेल्डरकडून कापून घेतले, भोकं मीच पाडली. दोन बिघडली, कडेला पुन्हा पाडली. चाकं जुन्या बाजारात मिळाली, वापरलेली, पण गुपचूप फिरणारी. पहिल्या दिवशी घेऊन गेलो तर किल्लीबाई म्हणाली, साहेब, बाळाची गाडी आणलीत, बाळ कुठे आहे? मग स्वतःच फळीवर बसून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. म्हणाली, आगगाडीपेक्षा बरी आहे, ही वेळेवर पोचते.

ती बसली तेव्हा मजेत गेली. कॅमेरा ठेवला की बारीक धक्का येतो. सांध्यावर येतो असं नाही, सगळीकडेच आहे. एखादं चाक वाकडं असेल. मी एका हाताने फळी ढकलतो आणि दुसरा कॅमेऱ्याच्या दांड्यावर ठेवतो, कारण खोलीच्या शेवटी कॅमेरा हळूहळू खिडकीकडे वळवायचा असतो. त्या वळणाने घर मोठं दिसतं. मालकाला ते वळण आवडतं.

चाकांचंच काहीतरी असणार. तुला काय वाटतं?

बारक्या


५ फेब्रुवारी

बारक्या,

पाकिटातून छापील कागद निघाला तेव्हा मला वाटलं वीज तोडायची नोटीस आली. खाली तुझं नाव बघून पुन्हा वरून वाचलं. तुझं अक्षर वाचायची सवय आहे. त्यावरून तू घाईत आहेस की जेवून लिहितो आहेस हे कळतं.

सांध्याचा धक्का सांध्यावरच बसतो. वाकड्या चाकाचा धक्का चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येतो. सगळीकडे आहे म्हणतोस तर तो या दोन्हींतला नसावा. तरी खात्री करून घे. चाकांवर खडूने खूण कर आणि धक्का खुणेबरोबर येतो का बघ. फळीवर दोन विटा कापडात गुंडाळून ठेव. हलक्या गाडीला मत नसतं, कोणीही हलवावं आणि तिने हलावं. जड गाडी ऐकत नाही. तशी हवी.

ढकलू नकोस. पुढून दोरी बांधून ओढ. ढकलणाऱ्या हाताचं सगळं गाडीत उतरतं, दोरीतून फक्त ओढ जाते.

आणि थोडा नमुना पाठव. पेनड्राइव्हमध्ये घाल, इथला झेरॉक्सवाला त्याच्या संगणकावर दाखवील. आवाज माझ्या उपयोगाचा नाही, चित्र पाठव.

दादा


१४ फेब्रुवारी

दादा,

चाकांवर खूण केली. धक्का खुणेबरोबर येत नाही. तरी दोन चाकं बदलली. विटा ठेवल्या. दोरीने ओढलं. फरक आहे, पण गेला नाही.

किल्लीबाई म्हणते साहेब, इमारतच हलत असेल, गिऱ्हाईक खरं बोलत होतं. मी हसलो.

नमुना पाठवतो आहे. सहाव्या मजल्यावरची बैठकीची खोली, संध्याकाळची. उशीर होतो आहे म्हणून जसा निघाला तसाच पाठवतो, काटछाट केलेली नाही. पाइप पातळ असतील का? जाड घेऊन बघू का?

बारक्या


१९ फेब्रुवारी

भावजयबाई,

पत्र तू काम करतेस त्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो आहे, म्हणून घाबरू नकोस. मी बरा आहे. तू हे घरी नेऊ नयेस म्हणून तिकडे पाठवलं.

बारक्याने ट्रॉलीचा नमुना पाठवला होता. मी तो झेरॉक्सच्या दुकानात उभ्याने बघितला, पुन्हा पुन्हा. झेरॉक्सवाला म्हणाला, काका, रिकामी खोली तर आहे, काय बघताय?

चाकं चांगली आहेत. पाइप चांगले आहेत. फळीही चांगली बसवली आहे. कॅमेरा खिडकीपाशी येऊन थांबतो, खाली दोरी सैल पडलेली दिसते. त्यापुढे त्याने कापायचं राहून गेलं आहे. गाडी थांबलेली आहे आणि खिडकीची चौकट हलतेच आहे. थांबलेल्या गाडीचा दोष चाकांना देता येत नाही.

बाहेर अंधारत होतं, म्हणून काचेत तो दिसतो. उजवा हात कॅमेऱ्याच्या दांड्यावर आहे. डाव्या हाताने त्याने उजवं मनगट धरून ठेवलं आहे.

मला सांग, हे कधीपासून आहे? दाखवलं का कोणाला? त्याने मला एका अक्षराने कळवलेलं नाही. चाकांबद्दल विचारतो. मी चाकांबद्दल सांगतो.

तुझा,
मोठा दीर


२३ फेब्रुवारी

मोठे भाऊजी, नमस्कार.

दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा लिहिते आहे.

वर्ष होऊन गेलं. आधी चहा बशीत सांडायचा. मग हे बशीशिवाय प्यायला लागले, म्हणाले बशी लागते कशाला, धुवायचं काम वाढतं. मी पेला अर्धाच भरायला लागले. ते आता तेवढाच पितात. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो म्हणून टी-शर्ट घालतात. म्हणतात, तरुण दिसतो. मी म्हणाले, दिसता.

ते एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले. मला सांगितलं नाही. गोळ्यांचं पाकीट कॅमेऱ्याच्या बॅगेत होतं, आतल्या खिशात. नाव लिहून घेतलं आणि आमच्या दुकानात डोळे तपासायला डॉक्टर येतात त्यांना विचारलं. ते म्हणाले, या गोळ्यांनी थोडे दिवस कमी होतं, थांबत नाही. वाढणारच आहे. मी विचारलं, बरं होणारं काही आहे का. ते म्हणाले नाही, आणि मग मला पाणी दिलं.

घरात आम्ही दोघंच. त्यांना वाटतं मला माहीत नाही. मला माहीत आहे असं कळलं तर त्यांनी माझ्यासमोर हात कुठे ठेवायचा? आता निदान मांडीखाली ठेवतात आणि गप्पा मारतात.

तुमचं पत्र आलं की मात्र ते खुलतात. फळी बाहेर काढतात, चाकांना तेल देतात, मला पाइप धरायला लावतात. म्हणतात, दादाने बरोबर ओळखलंय, वजन कमी पडत होतं. भाऊजी, तुमच्या पाया पडते, तुम्ही चाकांबद्दलच लिहा. ते काम मिळू दे. मग पुढचं पुढे बघू.

त्या काचेतल्या चित्राचं मला लिहिलंत ते बरं केलंत, पण मी ते बघणार नाही.

आपली,
भावजय


२ मार्च

बारक्या,

नमुना बघितला. दोष सापडला.

ओढ सारखी नाही. दोरी माणूस ओढतो. माणूस कितीही जपून ओढो, त्याला श्वास घ्यावा लागतो आणि तो दोरीत उतरतो. तुझ्या जागी मी असतो तरी हेच झालं असतं. म्हणून माणूस काढून टाकू.

पार्सलमध्ये मोटर आहे. इथलं चपलांचं दुकान बंद झालं, त्यावर एक मोठा बूट गोल फिरायचा. त्याला फिरवणारी ही मोटर. सावकाश फिरते आणि कशालाही बधत नाही. तिला मी लाकडी रीळ बसवलं आहे. मोटर खोलीच्या त्या टोकाला ठेव, दोरी तिच्यापासून फळीपर्यंत आण. दोरी आणि फळी यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला आहे, तो काढू नकोस. सुरुवातीचा हिसका तो गिळतो. बटण लांब वायरीवर आहे. बटण दाबणाऱ्याने फळीपासून लांब उभं राहायचं.

आणखी एक. ते शेवटचं वळण काढून टाक. कॅमेरा सरळ ठेवून स्क्रू घट्ट कर आणि दांडाच काढून ठेव. वळवलं की बघणारा खोलीची लांबी विसरतो. सरळ गेलं की घर होतं तेवढं दिसतं. घर विकत घेणाऱ्याला तेच हवं असतं. मालकाला मी सांगितलं म्हणून सांग.

चाकांना तेल देत राहा.

दादा


२१ मार्च

दादा,

मोटर मिळाली. काम झालं.

मालकाने नमुना ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर लावला. चहा आला होता तो तसाच राहिला. फळी दारातून निघाली ती खिडकीपर्यंत गेली, दोन्ही भिंती दोन्ही बाजूंनी सरकल्या, आणि कुठे काही हललं नाही. मालक म्हणाला, पाण्यावरून गेल्यासारखं वाटतं. वीसही मजले मला दिले. लेखी नाही, पण सगळ्यांसमोर.

वळण काढलं ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

आता काम असं चालतं. सतराव्यापर्यंत सगळ्या मजल्यांचा आराखडा एकच आहे, म्हणून प्रत्येक घरात पाइप कुठे मांडायचे त्याच्या चिकटपट्टीच्या खुणा मी एकदाच करून ठेवल्या. पाइप मांडायचे, फळी ठेवायची, कॅमेरा चालू करून बाजूला व्हायचं. बटण किल्लीबाई दाबते. मला म्हणाली, साहेब, तुम्ही नुसतं बघा, मला बोट आहे. चांगली बाई आहे. बटण दाबताना श्वास धरते. मी सांगितलं, त्याची आता गरज नाही.

घरी आज मी पेढ्यांचा पुडा आणला. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, दादाची मोटर.

बारक्या


१६ मे

बारक्या,

दोन महिने झाले, पत्र नाही. काम जोरात असणार. कितव्या मजल्यावर पोचलास? ट्यूबचा तुकडा आता ढिला पडला असेल. नवा पाठवतो आहे. बांधताना जुन्यापेक्षा बोटभर आखूड बांध.

दादा


२५ मे

मोठे भाऊजी, नमस्कार.

तुमचं पत्र आणि ट्यूबचा तुकडा मिळाला. यांनी तो खिशात ठेवला. दोन दिवस तो खिशातच आहे.

मला काल कळलं ते लिहिते. दुकानात एक बाई चष्मा करायला आल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी आधी कधी बघितलं नव्हतं, पण ओळखलं. म्हणाल्या, जवळचं धूसर दिसतं, कॅमेऱ्याच्या त्या एवढ्याशा पडद्यावर काही कळत नाही, चष्मा लागेल. मी विचारलं, कॅमेरा तुम्ही बघता? म्हणाल्या, एप्रिलपासून मीच काढते. साहेबांनी इतकं सोपं करून ठेवलंय की काही करायलाच लागत नाही. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी सांगितलं. त्या खुर्चीवरून उठल्या आणि पुन्हा बसल्या. म्हणाल्या, ताई, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. मी मालकाला नाही म्हटलं होतं. त्यांनी सांगितलं, तू नाही म्हणालीस तर बटण दाबायला दुसरं कोणी मिळेल.

चष्म्याची चौकट त्यांना मीच निवडून दिली.

एप्रिल म्हणजे दोन महिने होत आले, भाऊजी. हे रोज सकाळी डबा घेऊन, बॅग खांद्याला लावून निघतात आणि संध्याकाळी परत येतात. मी विचारते, किती घरं झाली? ते आकडा सांगतात. काल संध्याकाळीही सांगितला. मी बरं म्हणाले. दिवसभर कुठे असतात मला ठाऊक नाही. बुटाला धूळ असते.

आता तुम्हीच काय ते लिहा. मला सुचत नाही.

आपली,
भावजय


३० मे

बारक्या,

मला कळलं. कोणाकडून ते विचारू नकोस.

मोटर तुझी आहे. ट्रॉली तुझी आहे. उद्या जा आणि दोन्ही उचलून घरी आण. मालकाला म्हणावं, माझ्या भावाची वस्तू आहे, तो परत मागतो. त्याला पुन्हा तुझ्याकडे यावं लागेल.

ती दोरी मी बांधायला नको होती. मला वाटलं, हात लागला नाही की हात टिकेल. एवढंच डोळ्यांसमोर होतं.

नाहीतर दोघं इकडे या. वरची खोली रिकामीच आहे. शटरच्या कामात मला माणूस हवाच असतो, गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकून मला सांगायला. त्याला हात लागत नाही.

दादा


१२ जून

दादा,

ट्रॉली आणायला गेलो होतो. मालकाने लगेच दिली. एका माणसाला खालपर्यंत पोचवायला लावली. त्याने वेल्डरकडून तशीच दुसरी करून घेतली आहे, ॲल्युमिनियमची, तुझ्या ट्रॉलीपेक्षा हलकी. मोटरही तशीच बघून आणली. ट्यूबचा तुकडासुद्धा बांधला आहे, तो कशासाठी असतो ते त्यांना माहीत नसलं तरी. म्हणजे तुझं सगळं बरोबर होतं.

मार्चअखेर मला एक दिवस डॉक्टरकडे जायचं होतं. मी किल्लीबाईला सांगून गेलो की आजची घरं तू कर. दुसऱ्या दिवशी मालकाने मला बोलावलं. खुर्ची जवळ ओढायला सांगितली, चहा सांगितला. पडद्यावर दोन खोल्या शेजारीशेजारी लावल्या. एक मी काढलेली, एक तिने. रागावलेला नव्हता. खरोखरच विचारल्यासारखं त्याने विचारलं, "यातली तुमची कोणती?"

मी बघत राहिलो. पुन्हा लावायला सांगितलं. त्याने पुन्हा लावलं. मला सांगता आलं नाही, दादा.

तो म्हणाला, मलाही नाही सांगता येत. चहा आला तेव्हा मी कपाला हात लावला नाही. तो माझ्या हाताकडे बघत नव्हता. कपाकडे बघत होता.

माझ्या हाताचं तुला आणि हिला, दोघांना माहीत आहे हे मला मार्चपासून ठाऊक आहे. ही पेला अर्धाच भरते. चाकं खराब असती तर तू चाकं पाठवली असतीस. तू मोटर पाठवलीस आणि दांडा काढायला सांगितलास. तरी पुढे चाकांना तेल द्यायचं लिहीत राहिलास, ते बरं वाटलं. काम गेल्याचं मात्र हिला कळवू नकोस. संध्याकाळी आल्यावर ती विचारते किती घरं झाली, आणि मी सांगतो. तेवढं बोलणं होतं. ते बंद झालं तर त्या वेळेत काय बोलायचं, ते अजून ठरवलेलं नाही. हाताचं वाढतंच आहे. हे पत्रही टाइप केलेलं आहे, एका बोटाने.

तुझ्याकडे येत नाही. शटरवाल्याच्या शेजारी उभं राहून लोक काय म्हणतात ते सांगायचं हे काम वाईट नाही. पण पहिल्याच दिवशी कोणीतरी हातात किल्ली देईल आणि म्हणेल, जरा उघडा हो.

आणखी एक सांगायचं आहे. वरच्या तीन मजल्यांचा आराखडा वेगळा आहे. तिथे दार कोपऱ्यात आहे, आत शिरल्यावर मधे एक खांब येतो आणि खिडक्या दोन बाजूंना आहेत. माझ्या चिकटपट्टीच्या खुणा तिथे नाहीत. अठराव्या मजल्यावर किल्लीबाईने मला फोन करून बोलावून घेतलं. मालकाला न सांगता. नवा चष्मा लावून उभी होती. म्हणाली, "साहेब, सुरुवात कुठून करू?"

मी खोलीत हिंडलो. दारापासून सुरू केलं तर खांब समोर येतो आणि घर संपल्यासारखं वाटतं. भिंतीलगत पाच-सहा पावलं आत जाऊन उभं राहिलं की खांब बाजूला सरतो आणि दोन्ही खिडक्या एकदम दिसतात. तिथे बुटाच्या टोकाने रेघ मारली आणि म्हणालो इथून. तिने पाइप मांडले, बटण दाबलं. मी मागे उभा राहून पडद्यावर बघितलं. चांगलं झालं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की हे मोटरला सांगता येणार नाही. खाली उतरताना मी जिन्याने उतरलो, सगळे अठरा मजले. घरी येऊन हिला म्हणालो, आज एक अवघड घर झालं. ते खरं होतं.

मग एकोणिसाव्यासाठी फोन येईल म्हणून थांबलो. सोमवारी आला नाही. मंगळवारी मीच गेलो. लिफ्टने वर गेलो. दार उघडं होतं, पाइप मांडून झाले होते, फळी निघालेली होती. ती पाठमोरी होती. तिने सुरुवात कुठून केली ते मी बघितलं. या मजल्यावर खांब उजवीकडे आहे, म्हणून तिने डावी भिंत धरली होती आणि पावलं थोडी जास्त घेतली होती.

जागा बरोबर होती. मीही तिथूनच केली असती. फळी खिडकीपर्यंत जाईतो दारात उभा राहिलो, आणि ती वळायच्या आत खाली आलो.

बारक्या